यासावा फ्लायर : फिजीच्या पिवळ्या बोटीचे तिकीट काढण्यापूर्वी

फिजीला जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी विती लेवू या मुख्य बेटावर, नांदी विमानतळाजवळच्या डेनाराऊ भागातल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात उतरतात, एखाद्या दिवसाची बोटीची सहल करतात आणि तेवढ्यावर फिजी पाहिल्याचे समाधान मानून परततात. डेनाराऊ ही खारफुटीच्या जमिनीवर भर घालून उभी केलेली हॉटेलांची वसाहत आहे. तिथले रस्ते गुळगुळीत आणि बागा नेटक्या आहेत, पण वाळू करडी आणि पाणी गढूळ आहे. छायाचित्रांत दिसणारा निळा समुद्र ज्यांना हवा आहे त्यांनी वायव्येकडची यासावा द्वीपमाला गाठायला हवी, आणि तिथे जाण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे डेनाराऊ बंदरातून रोज सकाळी साडेआठच्या सुमारास सुटणारी ‘यासावा फ्लायर’ ही पिवळ्या रंगाची मोठी कॅटामरान. या बोटीच्या आणि तिच्या ‘बुला पास’च्या उपयुक्ततेविषयी हे परीक्षण आहे.

मत आधीच सांगून टाकतो. दळणवळणाची सोय म्हणून ही सेवा उत्तम आहे. सहल म्हणून ती महाग पडते. ही समुद्रातली एसटी आहे: ठरलेल्या वेळी निघते, ठरलेल्या थांब्यांवर माणसे उतरवते, तशीच पुढची माणसे घेते आणि संध्याकाळी सहाच्या आत-बाहेर पुन्हा डेनाराऊला परतते. तिच्यातून पर्यटक जातात, रिसॉर्टचे कर्मचारी सुट्टी संपवून कामावर जातात आणि सामानही जाते. एकाच दिवसात साखळीच्या उत्तर टोकापर्यंत जाऊन परत येण्याची कल्पना काही जण काढतात. साडेचार-पाच तास जायला, तेवढेच यायला आणि मध्ये कोणत्याही वाळूवर पाय न ठेवणे, यासाठी कित्येक हजार रुपये मोजण्यात काही अर्थ नाही. बोटीचा खरा उपयोग वाटेत दोन किंवा तीन बेटांवर मुक्काम करणाऱ्याला होतो.

त्यासाठीच बुला पास आहे. तो पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंतच्या मुदतीत मिळतो आणि मुदतीत कोणत्याही थांब्यावर उतरण्या-चढण्याची मुभा देतो. मात्र त्यातली एक अट नीट लक्षात घ्यावी: एकदा डेनाराऊला परत आलात की पास संपला. मधल्या एका दिवशी नांदीला येऊन खरेदी करू आणि पुन्हा बेटांवर जाऊ, असा बेत या पासावर जमत नाही. दोनच बेटे करायची असतील तर सुटी तिकिटे आणि पास यांची बेरीज कागदावर मांडून पाहावी, कारण कमी मुक्कामांत पास नेहमी स्वस्त पडतोच असे नाही. फिजी डॉलर चाळीस रुपयांच्या आतबाहेर धरून हिशेब केला तर अंदाज चुकत नाही. नांदी आणि डेनाराऊमधल्या हॉटेलांतून बंदरापर्यंत नेणारी बस तिकिटात धरलेली असते. दक्षिणेच्या कोरल कोस्टवर उतरलेल्यांना तिचे वेगळे पैसे द्यावे लागतात. बोटीवर आरक्षणाचे टेबलही असते आणि तिथे बसल्या बसल्या पुढच्या बेटावरची खोली ठरवता येते. जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शाळांना सुट्ट्या असतात, त्या काळात असे ऐन वेळचे बेत आखू नयेत. ऑकलंडहून तीन आणि सिडनीहून चार तासांत नांदी गाठणारी तिकडची मराठी मंडळीही याच सुट्ट्यांत येतात, त्यांनी तर महिने आधी खोल्या राखून ठेवाव्यात.

तिकिटाच्या रकमेत जे येत नाही तेच बेटांवरच्या खर्चाचा मोठा भाग असते, आणि इथे अनेकांचे अंदाजपत्रक कोलमडते. यासावातल्या बहुतेक रिसॉर्टमध्ये तीन वेळच्या जेवणाचे पैसे खोलीभाड्याखेरीज सक्तीने घेतले जातात. सक्ती म्हणण्याचे कारण सरळ आहे: बेटावर दुसरे हॉटेल नाही, किराणा दुकान नाही आणि खोलीत चूल पेटवायची सोय नाही. मोठ्या बोटीवरून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीचेही बहुतेक ठिकाणी प्रत्येक फेरीला वेगळे पैसे पडतात. एटीएम यासावात नाही. कार्ड चालते, पण त्यावर अधिभार लावण्याची रीत सर्रास आहे, म्हणून पुरेशी रोकड नांदीतच काढून घ्यावी आणि त्यात लहान नोटा ठेवाव्यात.

आता त्या छोट्या होडीविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी निर्णय याच मुद्द्यावर घ्यावा. यासावाच्या थांब्यांवर धक्का नसतो. बोट बेटापासून काही अंतरावर भर समुद्रात वेग कमी करते, ध्वनिक्षेपकावरून रिसॉर्टची नावे पुकारली जातात आणि किनाऱ्यावरून दोन-तीन उघड्या होड्या येऊन मोठ्या बोटीच्या मागच्या अंगाला लागतात. एक खलाशी हातातल्या यादीवरून नावे वाचतो, दुसरा बॅगा हातोहात खाली देतो आणि तिसरा तुमचे मनगट पकडून ‘आता’ म्हणतो, तेव्हा दोन्ही बोटींची उंची जुळलेल्या त्या क्षणी पाऊल टाकायचे असते. खलाशी या कामात इतके सराईत आहेत की घाबरण्याचे कारण नाही. पण गुडघ्यांचे दुखणे असलेल्या माणसाला हे अवघड जाते, आणि पुढे किनाऱ्याला लागताना होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावे लागते ते वेगळेच. पायात ओले झाले तरी चालेल असे काही घालावे, पासपोर्ट आणि फोन जलरोधक पिशवीत ठेवावेत, आणि चाकांच्या मोठ्या सुटकेसा नांदीच्या हॉटेलात सोडून पाठीवरची पिशवी न्यावी. वाळूत चाके फिरत नाहीत.

पुकारलेली नावे ऐकतानाही थोडे सावध राहावे लागते. फिजीच्या भाषेत लिहिलेले ‘सी’ हे अक्षर ‘थ’सारखे आणि ‘डी’ हे ‘न्ड’सारखे उच्चारतात, त्यामुळे तिकिटावर आपण नाकुला वाचलेले बेट ध्वनिक्षेपकावर ‘नाथुला’ होते. बॅगेला उतरण्याच्या ठिकाणाची चिठ्ठी लावलेली असते, पण आपल्या आधीचा थांबा कोणता हे माहीत असले म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.

समुद्र लागण्याबद्दल अतिशयोक्ती फार केली जाते. डेनाराऊहून निघाल्यावर मामानुथा बेटांच्या आडोशाने पहिला टप्पा शांतपणे पार पडतो; ती बेटे मागे पडून यासावाचे दक्षिणेकडचे कुआता बेट दिसू लागेपर्यंतच्या मोकळ्या पट्ट्यात, विशेषतः वर्षाच्या मध्याला आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे जोरात असताना, बोट चांगलीच हलते. ज्यांना त्रास होतो त्यांनी निघण्यापूर्वी अर्धा तास गोळी घ्यावी, खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसावे आणि उपाशी निघू नये. वरच्या मजल्यावर जादा पैसे भरून मिळणारा वातानुकूलित कक्ष आहे. खुर्च्या अधिक आरामाच्या असतात हे खरे, पण उघड्या डेकवरून वाया बेटाचे काळ्या खडकाचे सुळके सरकताना पाहण्याची मजा त्या काचेआड नाही, तेव्हा तो खर्च टाळला तरी काही बिघडत नाही.

या सुळक्यांजवळच्या समुद्रातून १७८९ साली ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडानंतर उघड्या होडीत सोडून दिलेला विल्यम ब्लाय आपल्या साथीदारांसह गेला होता आणि फिजीच्या लोकांच्या युद्धहोड्यांनी त्याचा पाठलाग केला होता. विती लेवूच्या उत्तरेचा समुद्र आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पर्यटकांना यासावाच्या भूमीवर मुक्कामाला जाण्याची मुभा त्यामानाने अगदी अलीकडची, १९८७ नंतरची. त्याआधी सरकारी धोरणानुसार फक्त क्रूझमधून ही बेटे पाहता येत. मोठ्या हॉटेलांची रांग इथे उभी राहिली नाही याचे एक कारण हे, आणि दुसरे अधिक मोठे कारण म्हणजे जमिनीची मालकी. फिजीतली जवळपास ८७ टक्के जमीन मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इतौकेई कुळांच्या, सामाईक मालकीची आहे. ती विकता येत नाही, केवळ भाडेपट्ट्याने देता येते. म्हणून बरीच रिसॉर्ट गावाच्या जमिनीवर, गावातल्याच माणसांच्या बळावर चालतात आणि जेवण वाढणारा, होडी चालवणारा आणि संध्याकाळी गिटार वाजवणारा माणूस अनेकदा एकच असतो.

बेटे निवडताना सर्व थांबे करण्याचा मोह टाळावा. दक्षिणेकडची कुआता आणि वायासेवा ही दोन तासांच्या अंतरावर आहेत, डोंगर चढण्याची आवड असणाऱ्यांना वाया आणि वायासेवा इथे भरपूर चढ मिळतात, आणि वेळ कमी असेल तर याच टोकाला थांबावे. मधल्या टप्प्यावर नाविती आणि द्रावांगा या बेटांमधली खाडी मांटा रे माशांसाठी प्रसिद्ध आहे. ते मे ते ऑक्टोबर या काळात तिथे चरायला येतात. मासे दिसल्याची वर्दी आली की हातातले काम टाकून होडीकडे धावायचे असते. प्रवाह जोरदार असल्यामुळे पोहणे जेमतेम येत असेल तर लाइफ जॅकेट मागून घ्यावे. त्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. उत्तरेकडे नानुया लाइलाइ, तावेवा आणि नाथुला ही बेटे निळ्या खाजणाभोवती जवळजवळ आहेत आणि किनाऱ्यापासून चार हात टाकले की प्रवाळ दिसू लागतात. तिथूनच सावा-इ-लाऊच्या चुनखडीच्या गुहांकडे सहल निघते. पहिल्या गुहेत वरून उजेड येतो आणि पोहायला पाणी खोल आहे. दुसऱ्या गुहेत जायला पाण्याखालून छोटासा बोगदा श्वास रोखून पार करावा लागतो. माझ्या मते पाच-सहा दिवसांसाठी मधला टप्पा आणि उत्तर टोक अशी दोनच ठिकाणे पुरेत.

जेवणाचा विषय आपल्याकडच्या प्रवाशांना सर्वांत महत्त्वाचा, आणि शाकाहारी माणसासाठी यासावा हे सोपे ठिकाण नाही. मुख्य बेटावर ही अडचण येत नाही. १८७९ ते १९१६ या काळात उसाच्या मळ्यांसाठी साठ हजारांहून अधिक भारतीयांना गिरमिटावर, म्हणजे मुदतबंद मजुरीच्या करारावर, फिजीत नेले गेले, त्यांच्या वंशजांची खाणावळ नांदी आणि लाउतोका इथे जवळजवळ प्रत्येक रस्त्यावर आहे, आणि बटाट्याची भाजी भरलेली गरम रोटीची गुंडाळी तिथे अगदी स्वस्तात मिळते. टॅक्सीवाल्याशी हिंदीत बोललात तर तो फिजी हिंदीत उत्तर देईल आणि बहुधा भारतातल्या तुमच्या गावाचे नावही विचारेल. बेटांवरचे स्वयंपाकघर मात्र इतौकेई पद्धतीचे असते. मासे खाणाऱ्यांची तिथे चंगळ आहे: लिंबाच्या रसात मुरवून नारळाच्या दुधात घातलेला कच्च्या माशाचा कोकोंडा, आणि जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर भाजलेले लोवो. शाकाहाऱ्यांच्या वाट्याला डालो म्हणजे अळकुडीच्या जातीचा मोठा कंद, कसावा, भोपळा आणि रोउरोउ येतात. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने म्हणजे रोउरोउ. आपल्या फदफद्यातला चिंच-गूळ आणि शेंगदाणे त्यात नसतात, पण गरम भातावर ते उत्तम लागते आणि नारळाचे दूध ताजे असते.

अडचण पदार्थांची नसून निरोपाची आहे. एका बेटावर (रिसॉर्टचे नाव सांगण्यात हशील नाही) आम्ही आरक्षणाच्या वेळी शाकाहाराची सूचना दिली होती, तिला लेखी होकारही आला होता, आणि पोहोचल्यावर स्वयंपाकघरात त्याचा कोणालाच पत्ता नव्हता. पहिल्या रात्री भात आणि उकडलेली कोबी मिळाली. दुसऱ्या सकाळी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना जाऊन भेटलो, काय चालते आणि काय नाही हे समोरासमोर सांगितले, आणि त्यानंतर रोज डाळ, भोपळा आणि रोउरोउ आले. तेव्हा ई-मेलवर विसंबू नये. होडीतून उतरल्यावर पहिले काम स्वयंपाकघर गाठण्याचे करावे. मासे शाकाहारात धरले जातात असा समज तिकडेही आढळतो, म्हणून मासे नकोत हे वेगळे सांगावे.

घरून फराळाचे डबे न्यावेत का, हा पुढचा प्रश्न. फिजीचे जैवसुरक्षा नियम कडक आहेत आणि नांदीच्या विमानतळावर सामान तपासले जाते. पेढे आणि खव्याचे पदार्थ, मध, बिया, ताजी फळे, सुका मासा असे काहीही नेऊ नये. कंपनीचे सीलबंद बिस्किटांचे किंवा चिवड्याचे पुडे नेले तरी अर्जावर खाद्यपदार्थ असल्याची नोंद करावी. नोंद केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूसाठी दंड होऊ शकतो. नांदीच्या दुकानांत डाळ-तांदळापासून मसाल्यांपर्यंत सर्व मिळते, तेव्हा कोरडा खाऊ तिथेच घेऊन बोटीत चढणे शहाणपणाचे.

नांदीच्या बाजारातून आणखी एक गोष्ट न्यावी: यांगोनाच्या, म्हणजे ज्यापासून कावा हे पेय करतात त्या झुडपाच्या, मुळ्यांची जुडी. गावात पाहुणा म्हणून जाताना ती गावप्रमुखापुढे ठेवण्याची रीत आहे आणि तिला सेवुसेवु म्हणतात. रिसॉर्टने आखलेल्या गावभेटीत ही तजवीज बहुधा त्यांनीच केलेली असते, पण स्वतंत्रपणे जाणार असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नये. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, कमरेला सुलू हे लुंगीसारखे वस्त्र गुंडाळावे, टोपी आणि गॉगल गावात शिरण्यापूर्वी काढावेत, घराबाहेर चपला सोडाव्यात आणि लहान मुलांच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवू नये, कारण तिथे डोक्याला स्पर्श करणे अपमानाचे मानतात. करवंटीचा पेला पुढे आला की एक टाळी वाजवून ‘बुला’ म्हणायचे, कावा एका दमात प्यायचा आणि तीन टाळ्या वाजवायच्या. चव मातकट असते, जीभ थोडी बधिर होते. रविवार चर्चचा आणि विश्रांतीचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी गावभेट ठेवू नये आणि गावाजवळच्या किनाऱ्यावर गोंगाट करू नये.

बेटांवरच्या सोयींबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. वीज जनित्रावर किंवा सौरऊर्जेवर असते आणि काही ठिकाणी रात्री ठरावीक तासांनंतर बंद होते. गोडे पाणी पावसाच्या टाक्यांवर अवलंबून असल्याने अंघोळ बेताने करावी आणि पिण्याचे पाणी विचारून घ्यावे. फोनसाठी विमानतळावर मिळणाऱ्या सिमपैकी व्होडाफोनची रेंज बेटांवर जास्त ठिकाणी लागते. प्लग ऑस्ट्रेलियासारखा तिरप्या चपट्या पिनांचा असतो, त्याचे अॅडॉप्टर इथूनच न्यावे. फिजीत मलेरिया नाही, डेंगी आहे. डास पळवणारे मलम लागेल. मोठे रुग्णालय लाउतोकाला, म्हणजे बेटांवरून काही तासांवर, आहे. म्हणून प्रवासविमा काढताना त्यात रुग्णाला तातडीने हलवण्याचा खर्च येतो की नाही ते वाचूनच सही करावी.

भारतीय पासपोर्टवर फिजीत चार महिन्यांपर्यंतच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि सहा महिने वैध पासपोर्ट हाताशी असावा. खरी मेख वाटेतल्या विमानतळाची आहे. भारतातून थेट विमान नाही. सिडनी किंवा ऑकलंडमार्गे स्वस्त तिकीट दिसले तरी भारतीय पासपोर्टधारकाला तिथे विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो, आणि त्याच्या खटपटीत वाचलेले पैसे आणि मन:शांती दोन्ही जातात. सिंगापूरमार्गे, एकाच तिकिटावर, सामान थेट नांदीपर्यंत जाईल असे आरक्षण करावे. नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ आहे. फेब्रुवारी २०१६ मधल्या विन्स्टन वादळाने फिजीत ४४ बळी घेतले होते. त्या महिन्यांत दर उतरतात हे खरे, पण समुद्र खवळला तर बोटीची फेरी रद्द होते आणि आपण बेटावर अडकतो. मे ते ऑक्टोबर हाच या पासाचा हंगाम.

पर्याय तपासून पाहिले तर सी-प्लेन आहे, अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचवते आणि त्याचे भाडे ऐकून बहुतेक जण पुन्हा पिवळ्या बोटीकडे वळतात. लाउतोकाहून गावकऱ्यांच्या छोट्या होड्याही जातात आणि त्या पुष्कळ स्वस्त असतात. त्यांना ना वेळापत्रक असते ना पुरेशी लाइफ जॅकेट, त्यामुळे त्यांची शिफारस करता येणार नाही.

एकंदरीत चालते-फिरते जोडपे, मित्रमंडळी आणि दहा-बारा वर्षांपुढची मुले असलेले कुटुंब यांनी हा पास जरूर घ्यावा. तान्हे मूल किंवा चालायला त्रास होणारे वडीलधारे सोबत असतील तर मामानुथामधल्या धक्का असलेल्या एखाद्या बेटावर जाणे बरे. परतीच्या दिवशी मात्र त्याच रात्रीचे आंतरराष्ट्रीय विमान धरू नये. बोट वेळेवर आली तरी संध्याकाळचे सहा वाजतात, त्यात सामान उतरेपर्यंत वेळ जातो, आणि वारा उलटा असला तर तासभर उशीर सहज होतो. ती रात्र नांदीत काढावी आणि विमान दुसऱ्या दिवशीचे घ्यावे.